गोळीऐवजी बिरडं

आमच्या मुरबाडच्या मामांइतकी खाण्यावर श्रद्धा असलेला माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं माझं डोकं फिरवणारा माणूस तर तिन्ही लोकांत नसेल. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. त्यांचं गाव मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या अंगाला. आम्ही राहतो शहापुरात. जगातलं प्रत्येक दुखणं तोंडावाटेच आत शिरतं, तेव्हा त्याला बाहेर घालवायचा उपायही ताटातच असला पाहिजे, हे त्यांचं तत्त्वज्ञान. गुडघा धरला, कुळथाचं पिठलं. झोप येत नाही, वरईचा भात आणि वर तूप. पोर रात्री दचकून उठतं, नाचणीचं आंबील. त्यांच्या गावात दोन भावांत बांधावरून जुंपली होती, कोयते बाहेर निघायची वेळ आली होती, तर मामा तिथे ताकाची कळशी घेऊन गेले. त्यांच्या मते दोघांच्या पोटात उष्णता झाली होती. भांडण मिटलं नाही, पण ताक संपलं, आणि तेवढ्यावर मामा आजही सांगतात की त्या ताकामुळे रक्त सांडायचं राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून निदान केलं होतं, की ही पोरगी तापट आहे, हिला काकडी द्या. इतकी वर्षं काकडी खाते आहे. माझा स्वभाव कुठे गेला ते पुढे कळेलच.

दिसायला मामा उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि चेहऱ्यावर कायम नुकतंच काहीतरी आठवल्याचा भाव. ते आठवलेलं पुढच्या क्षणी विसरलेलं असतं. त्यांच्या अंगणाच्या फाटकाला एकच झडप आहे. दुसरी करायला लाकूड आणलं होतं, त्याचं वाटेत कोंबड्यांचं खुराडं झालं, आणि खुराड्यालाही छप्पर घालायचं राहून गेलं. घराला स्वतःच्या हाताने रंग द्यायला घेतला तो समोरच्या भिंतीवर खिडकीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. मुरबाडहून आमच्याकडे यायचं तर सरळगाव, किन्हवली करत एसटीने दुपारच्या आत पोचायला हरकत नाही. पण मामा सरळगावला उतरतात, कारण खिडकीतून कुणाचा तरी बैल लंगडताना दिसलेला असतो. मग किन्हवलीला उतरतात, कारण तिथे त्यांना कुणाला तरी एक निरोप द्यायचा असतो, आणि निरोप काय होता ते उतरल्यावर आठवत नाही. दिवेलागणीला दारात उभे राहतात ते एका हातात शेवग्याच्या शेंगा, दुसऱ्या हातात कुणाची तरी छत्री. स्वतःची छत्री कुठे गेली असं विचारलं, की म्हणतात, "कुटं जाते? फिरत फिरत येईल." म्हशाच्या जत्रेत एकदा बैल घ्यायला गेले होते. मामींनी बजावून पाठवलं होतं, पेरणीला बैल हवाच. मामा तिसऱ्या दिवशी परत आले ते एक घोंगडं, गुळाची ढेप आणि बैलांना काय खायला घालावं याचं आणखी सविस्तर ज्ञान घेऊन. बैल तेवढा राहिला. हे सगळं आम्ही हसत हसत एकमेकांना सांगायचो. सगळ्या नातलगांत त्यांचं नाव निघालं की आधी हसू यायचं आणि मग काय ते बोलणं. मीही हसले आहे, पोट धरून हसले आहे. पण त्यांचं हे खाण्याचं वेड माझ्या पोरीपर्यंत पोचलं, त्या दिवसापासून मला हसू यायचं बंद झालं.

श्रावणी माझी एकुलती एक. सहावीत आहे. लहानपणापासून ती जिथे बसलेली असते तिथे नसतेच. बूट घालायला सांगितलं तर एक बूट घालून दुसरा हातात धरून खिडकीपाशी उभी. गणित सोडवायला घेतलं तर पहिल्या ओळीत बरोबर, दुसऱ्या ओळीत आकडा बदललेला आणि तिसऱ्या ओळीच्या जागी मांजर काढलेलं. शाळेत बाई म्हणायच्या, मुलगी हुशार आहे पण आळशी. नातलग म्हणायचे, लाडावलेली. माझी सासू म्हणायची, आईचं लक्ष दुकानात, मग पोरीचं कुठून असणार. शहापूरच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बिघाडाचा दोरा शेवटी माझ्या मशीनलाच येऊन अडकतो. शेवटी मी कुणाला न विचारता तिला कल्याणला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी घाई केली नाही. बरेचदा बोलावलं, शाळेतल्या बाईंकडून माहिती मागवली, आणि मग सांगितलं की हिला अवधान टिकवायची अडचण आहे, त्याला एडीएचडी म्हणतात, यात पोरीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. त्या दोन वाक्यांवर मी तिथे त्यांच्यासमोर रडले. मग गोळी सुरू झाली. रोज सकाळी, न्याहारीनंतर.

त्या गोळीने माझी पोरगी काही पहिली आली नाही. कुणाला तसं वाटत असेल तर त्यांनी ते डोक्यातून काढून टाकावं. पण ती एकदा दुकानात माझ्याशेजारी बसून बाहुलीच्या फ्रॉकला टीप घालत होती, आणि ती टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मध्ये उठणं नाही, खिडकी नाही, मांजर नाही. टोकाला पोचल्यावर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. एक गोष्ट मात्र खरी, गोळीने तिची दुपारची भूक कमी झाली. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितलं होतं. सकाळी गोळीच्या आधी पोटभर द्या, संध्याकाळी भूक परत येते तेव्हा पुन्हा द्या, वजनावर लक्ष ठेवू, असं सगळं नीट समजावलं होतं. पण ही बातमी मुरबाडला पोचली ती एवढीच, की शहापुरात पोरीला डोक्याची गोळी चालू केलीय आणि पोरीने जेवण टाकलंय.

मामांच्या दृष्टीने याहून मोठं पाप जगात नाही. एखाद्याने देवळातली मूर्ती हलवली तर ते म्हणतील, असेल काही कारण. पण औषधाने भूक मारायची? ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले, तेही सरळगावला न उतरता, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं. बरोबर नाचणीचं पोतं, कडवे वाल, कुळीथ, सुकट, शेवग्याचा पाला आणि एक घागर भरेल एवढा संताप. ओट्यावर टेकायच्या आत त्यांनी मला विचारलं, "सूनबाय, बैल बिथरला तर आपुन आदी दवाखान्यात जातो का गव्हान बघतो?" मी म्हटलं, मामा, माझी मुलगी बैल नाही. ते म्हणाले, तेच तर, बैलाचीसुद्धा आधी गव्हाण बघतात. या माणसाशी वाद घालणं म्हणजे ओल्या कापडावर खडूने रेघ मारणं. त्यांनी घरातली बिस्किटं, लाल-पिवळ्या लिमलेटच्या गोळ्या, झटपट शेवया, सगळं गोळा करून शेजारणीच्या पोरांना वाटलं. याबद्दल माझी तक्रार नव्हती. ते पदार्थ घरात नसलेले बरेच. नाचणीबद्दल तर मुळीच नव्हती. मी स्वतः डॉक्टरीणबाईंना मामांच्या सगळ्या पदार्थांबद्दल विचारलं होतं. त्या हसून म्हणाल्या होत्या, चांगलंच आहे, भरपूर द्या. पण चष्मा लागलेल्या मुलीला आपण गाजर देतो म्हणून तिचा चष्मा काढून घेत नाही, एवढं लक्षात ठेवा. मी हे मामांना शब्दशः सांगितलं. मामांनी मान हलवली आणि विचारलं, गाजरं कुठून आणतेस, बाजारातली नको.

त्यांचा सगळ्यात आवडता उपाय होता बिरड्याचा. कडवे वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटाच्या चिमटीत धरून सोलायचा. आमच्या भागात बायकांच्या निम्म्या आयुष्याचा हिशेब या सोलण्यात निघतो. मामांचं म्हणणं असं, की बिरडं खाल्ल्याने डोकं थंड होतं आणि सोलल्याने मन एका जागी बसतं. म्हणजे पोरीने सोलायचं आणि पोरीनेच खायचं, औषध आणि व्यायाम एकाच परातीत. एका रविवारी आजोबा आणि नात परात घेऊन मागच्या पायरीवर बसले. मामांनी सोलता सोलता वालाचं माहात्म्य सुरू केलं. थोड्या वेळाने रस्त्यावरून गवताचा ट्रक गेला. मामा तो कुठल्या गावचा ते बघायला उठले. ट्रकमागे श्रावणी उठली. मी मागच्या दारी आले तेव्हा परातीपाशी शेजारच्या कोंबड्या अत्यंत एकाग्रतेने बसल्या होत्या. उरलेले वाल मी सोलले, दिवसभर मशीन मारून आल्यावर, एकटीने. जेवताना मामा म्हणाले, बघ, आज पोर किती शांत जेवतेय. पोर शांत जेवत होती कारण तिच्या आईचा चेहरा बघून तोंड उघडायची कुणाचीच छाती नव्हती.

जून आला. शिवणकामवालीचा जून म्हणजे शाळांचे गणवेश. तालुक्यातली सगळी पोरं एकाच आठवड्यात उंच होतात. मी उजाडता दुकान उघडायची ते अंधार पडल्यावर घरी. नवऱ्याची वाशिंदच्या कारखान्यात पाळी, तो कधी सकाळी असायचा कधी नसायचा. अशा वेळी मामा आपणहून म्हणाले, की ते महिनाभर राहतात, पोरीचं सकाळचं सगळं तेच बघतात. शेती त्यांचा मुलगा करतो, आणि पेरणीच्या दिवसांत बाप घरात नसला तर त्याची कामं लवकर उरकतात असं तो मला फोनवर गुपचूप म्हणाला. मी मामांना गोळीची पाकिटं कपाटात कुठे आहेत ते दाखवलं, न्याहारी आधी आणि गोळी मग, हे चारचारदा सांगितलं. मामा हो हो म्हणाले. रोज संध्याकाळी मी विचारायची, सकाळचं सगळं दिलंत ना? "सगळं पोटात गेलं तिच्या," ते सांगायचे, आणि श्रावणी त्यांच्या पाठीमागे उभी राहून मान डोलवायची. मी बिनघोर झोपायची. त्या झोपेचा मला आज संताप येतो.

मामा घरात असण्याचं सुख नव्हतं असं कसं म्हणू? घरी आलं की चूल पेटलेली, अंगण झाडलेलं, निदान अर्धं तरी झाडलेलं. एके दिवशी बाजारात कातकरी बायकांनी शेवळं आणली होती. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे जांभळट कोंब. चवीला अप्रतिम, पण घशाला अशी खाज आणतात की माणसाने जीव द्यावा. म्हणून त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतातच घालतात. शेवळं विकणारी बाई काकडं बरोबरच देते, इतकं ते ठरलेलं असतं. मामांनी शेवळं आणली, मेंदूला यासारखं काही नाही म्हणून जाहीर केलं, पाकळ्या सोलल्या, चिरली, फोडणीला टाकली. काकडं पाट्यावर वाटायला घेतली, तेवढ्यात त्यांना पाटा गुळगुळीत झालाय, त्याला छिन्नीने टाकी लावायची गरज आहे असं दिसलं. टाकी लावणाऱ्याचा पत्ता विचारायला ते बाहेर गेले. आले ते थेट ताटं मांडायलाच. पहिल्या घासानंतर नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी श्रावणीकडे, आणि मग सगळ्यांनी एकदम पाण्याकडे धाव घेतली. त्या रात्री आमच्या घरातून जे आवाज येत होते त्यावरून शेजाऱ्यांना वाटलं, भजनाचा सराव चाललाय. काकडं पाट्यावर अर्धवट चेचलेली तशीच होती. मामा स्वतःही घसा खरवडत होते आणि म्हणत होते की खाज येतेय म्हणजे गुण येतोय. नवरा हसला. मीही हसले असते, पण श्रावणीने आपल्या ताटातली भाजी संपवली होती. डोळ्यांतून पाणी, घशाला हात, आणि ताट स्वच्छ. मी म्हटलं, वेडे, टाकायची होतीस.

गणवेशांची धामधूम ओसरली, आणि शिंप्याच्या पोराला कपडे शेवटी या न्यायाने श्रावणीच्या गणवेशाची पाळी सगळ्यांत शेवटी आली. संध्याकाळी घरीच तिला समोर उभी केली आणि टेप लावली. खांदा झाला, उंची झाली. बाहीसाठी तिच्या फ्रॉकची जुनी बाही वर सारली, तर दंडाच्या आतल्या बाजूला निळे-काळे डाग. एकावर एक, काही जुने पिवळे पडलेले, काही ताजे. मला वाटलं, शाळेत कुणी मारलं. मी तिला जवळ घेऊन हळू विचारलं, कुणी केलं हे? तिने सांगितलं, मीच. वर्गात लक्ष दुसरीकडे गेलं की ती स्वतःला चिमटा काढत होती. मी विचारलं, पण आता तर गोळी आहे ना? तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "गोळी नाही घेत आई मी. आजोबा म्हणाले, आता खाऊनच लक्ष लागणार." मी विचारलं, मग लागतं? तिने मान हलवली. नाही. मग आजोबांना तसं सांगत का नाहीस? "त्यांना वाईट वाटेल ना."

मी कपाट उघडलं. पाकिटं ठेवली होती तशीच होती.

मामा मागच्या दारी तिच्या सकाळच्या रसासाठी शेवग्याचा पाला धूत बसले होते. वयाचा मान, नात्याचा मान, सासरची माणसं, सगळं मी खुंटीला टांगलं आणि जे मनात होतं ते बोलले. मी त्यांना सांगितलं की तुमचं फाटक अर्धं राहिलं तर कोंबड्या आत येतात, रंग अर्धा राहिला तर लोक हसतात, पण हा अर्धवटपणा तुम्ही माझ्या पोरीच्या अंगावर केलात. मी सांगितलं की तुमचा डॉक्टरांवर विश्वास नसेल तर तुमचे प्रयोग तुमच्या गुडघ्यावर करा, माझ्या मुलीच्या डोक्यावर नाही. आणखीही पुष्कळ बोलले. शेजारणीच्या खिडक्या उघडल्या. नवरा आतून "अगं, मामा आहेत ते" एवढं म्हणाला, तर त्यालाही मी त्याच ताटात वाढलं. मामांनी पाल्याचं पाणी झटकलं आणि म्हणाले, "सूनबाय, जरा दम धर. औषद लागू पडाया टाइम लागतो. मला माज्या आयनं असंच खाऊ घालून बरा केला, सगला गाव सांगंल. आनि पोर सोता सांगते, लक्ष लागतं म्हनून." मी श्रावणीला हाताला धरून बाहेर आणलं आणि तिची बाही वर केली. म्हटलं, विचारा तिला.

मामांनी विचारलं नाही. ते नुसते त्या दंडाकडे बघत राहिले. शेवटी श्रावणीच बोलली, खाली बघून. "आजोबा, मी सगळं खाल्लं. पाल्याचा रसपण नाही टाकला. एकदापण नाही. तरी लागत नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

हेच ते. या एका वाक्यासाठी मी मामांना कधीच सोडणार नव्हते. पदार्थ चुकला नाही, वाल चुकले नाहीत, आजोबा चुकले नाहीत. चुकली कोण, तर अकरा वर्षांची पोरगी, जिने सगळं गिळलं. डॉक्टरीणबाईंनी कुणाचाच दोष नाही म्हणून जे माझ्या आणि तिच्या मनातून काढून टाकलं होतं, ते या माणसाने वाटीवाटीने तिच्या पोटात परत भरलं होतं. मी मामांच्या उत्तराची वाट बघत उभी होते, कारण त्यांना कधी उत्तर सुचलं नाही असं झालेलं नव्हतं. त्यांनी पाल्याची टोपली पायरीवर ठेवली, टोपी काढली आणि ती हातात धरून बसून राहिले. रात्री जेवले नाहीत. मामा जेवले नाहीत, हे मी त्यांच्याबद्दल आजवर ऐकलेलं नव्हतं. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू.

पुढच्या भेटीला आम्ही कल्याणला निघालो तर मामा धुतलेलं धोतर नेसून दारात तयार. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. नवरा म्हणाला, येऊ देत. डॉक्टरीणबाईंनी झालेलं सगळं ऐकून घेतलं, दंड बघितला, श्रावणीशी एकटीशी बराच वेळ बोलल्या, मग आम्हाला आत बोलावलं. मला वाटलं होतं त्या मामांना फैलावर घेतील. मी त्याचीच वाट बघत होते. त्या फक्त म्हणाल्या की हे असं अनेक घरांत होतं, आणि पुढे काय करायचं ते सांगू लागल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाचं लहानपणी असं होतं का? काम हाती घेऊन दुसरीकडे जाणं, वस्तू हरवणं, शाळेत बसवत नाही असं? मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी एकदम मामांकडे पाहायचं टाळलं. मामांनी घसा खाकरला आणि विचारलं, "बाय, हे म्हाताऱ्या मानसाला पन असतं का?" त्या म्हणाल्या, असतं. लहानपणापासूनच असतं, पण पुष्कळांना जन्मभर कळत नाही. लोक त्यांना आळशी म्हणतात, आणि ते आळशी नसतात. मामांनी यावर मान हलवली, अगदी सावकाश, आणि बाकीचा वेळ ते टेबलावरच्या पेनाच्या डब्याकडे बघत बसले.

नवरा श्रावणीला घेऊन गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेला. मी आणि मामा बाहेर जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबलो. माझ्या मनात अजून बोलायचं बरंच शिल्लक होतं आणि मी ते जुळवत होते. तेवढ्यात मामाच बोलायला लागले, समोर रिक्षांकडे बघत. त्यांना शाळेत मास्तर अंगठे धरून उभं करायचे, रोज. त्यांच्या आईने कुणाकुणाला विचारून विचारून उपाय काढला. मजुरीला जायच्या आधी पहाटे रानात जाऊन ती कसला कसला पाला आणायची, वाटायची, रस काढायची. घरात दोन वेळचा भात पुरा पडत नव्हता, पण याच्यासाठी बिरडं वेगळं, खोबरं वेगळं. भावंडांना नाही, यालाच. आणि संध्याकाळी विचारायची, लागला का रे मन? मामा म्हणायचे, लागला, आये.

"लागत नव्हतं?" मी विचारलं.

"कुटं लागतंय," मामा म्हणाले. "पन ती रान तुडवून यायची गो. पाय फुटलेले असायचे तिचे. तिला कसं सांगनार?"

मग सातवीत त्यांनी शाळा सोडली, हे मला माहीत होतं. अभ्यास जमत नव्हता म्हणून सोडली, असंच सगळे सांगतात. मी तसं म्हटलं. मामांनी मान हलवली. म्हणाले, तसं नाही, मास्तरांचा मार त्यांना सवयीचा झाला होता, आणखी खाल्ला असता. पण वरच्या इयत्तेत ते नापास झाले असते, आणि मग आईला कळलं असतं, की औषध लागू पडलेलंच नाही. "म्हनून बोललो, मला शेतीच करायचीय. आयला वाटलं, पोरगा बरा झाला, आता त्याला कामाची गोडी लागली. मरेपर्यंत सगल्या गावाला सांगत फिरली, का मी माज्या पोराला खाऊ घालून बरा केला." पुढे म्हणाले, "मंग मी पन तेच सांगत आलो. आनि सांगून सांगून मलाच खरं वाटाया लागलं."

समोरून नवरा आणि श्रावणी येत होती. मामा उठले, धोतर झटकलं आणि चार पावलं पुढे गेले. आमच्या घराण्यात वयाने मोठ्या पुरुषाने लहान पोरीला चुकलो म्हटल्याचं मी कधी पाहिलेलं नव्हतं. मामा तिथे रस्त्याच्या कडेला तिच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "बाय, तू सगलं बराबर खाल्लंस. तुजं कायच नाय चुकलं." श्रावणीने विचारलं, मग आता रस प्यायचा नाही ना? मामा म्हणाले, नाय. ती म्हणाली, बरं झालं, खूप घाण लागायचा. मामा म्हणाले, मला म्हाईत हाय.

आता गोळी चालू आहे, नाचणीही चालू आहे, आणि श्रावणीच्या दंडावरचे डाग गेले. मामा येतात, पोती आणतात, छत्र्या हरवतात. तुम्हीही स्वतःला दाखवून घ्या, असं मी त्यांना म्हटलं, तर म्हणाले, आता या वयात लक्ष लावून बघायचं काय राहिलंय. माझा राग गेलेला नाही. तो जाऊ नये असंच मला वाटतं, कारण माझ्या पोरीने त्याची किंमत दिली आहे. पण हल्ली मी त्यांना चार शब्द सुनवायला तोंड उघडते आणि समोर पांढऱ्या टोपीचा म्हातारा दिसतच नाही. दिसतो तो रानातून आलेल्या आईच्या पायांकडे बघत, वाटीतला कडू रस एका दमात संपवून, लागला हो मन, आये, असं सांगणारा एक पोरगा. त्याच्यावर कसं रागवायचं ते मला येत नाही.